बारा सेंटिमीटर

शाळेच्या आरोग्यपत्रकात उंचीचा रकाना रिकामा होता आणि सुरेखाच्या हातात शिंप्याची टेप होती. सहा वर्षांची राजनंदिनी भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून उभी होती. टेप म्हणाली, एकशे सहा. सुरेखानं पुन्हा मोजलं. टेप आपल्या शब्दाला पक्की निघाली.

आदल्याच दिवशी सुरेखानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. कोट घातलेला एक माणूस छातीठोकपणे सांगत होता, उंच मुलं धीट होतात, पुढारी होतात. बुटकी मुलं भित्री, चिडकी आणि कायम मागे. सुरेखा स्वतः चार फूट दहा इंच. बँकेत काउंटरपलीकडच्या साहेबाला आपला फक्त भांग दिसतो, हे ती वर्षानुवर्षं सोसत आली होती. लेकीच्या वाट्याला ते नको, एवढंच तिचं म्हणणं.

"आई, बुटकी पोरं भित्री निघतात म्हणे."

पिशोरहून आलेल्या सासूबाई, भागूबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. उंचीनं त्या सुनेपेक्षाही दोन बोटं कमीच. पण बाजारात त्या नुसत्या समोर उभ्या राहिल्या तरी भाजीवाले भाव उतरवूनच सांगत.

"काऊन गं? तुझा नवरा सहा फुटाचा हाय. पाल दिसली की पलंगावर कोण चढतं?"

"ती अंगावर येते, आई," आतून विश्वजीतचा आवाज आला.

"आन् लेकरू म्हंजे काय ज्वारीचं ताट हाय का, उभं करून मोजायला?"

सुरेखानं ऐकून घेतलं आणि रकान्यात ११८ लिहिलं. खोटं कुठं, दोन वर्षांत होणारच आहेत. आपण फक्त आगाऊ लिहिले.

आठवड्याभरात सव्वीस जानेवारीच्या संचलनाचा गणवेश आला, पत्रकावरच्या मापानं शिवलेला. फ्रॉक थेट घोट्याला टेकला.

"नऊवारी शिवली व्हय?" भागूबाईंनी विचारलं.

सुरेखानं खालून दुमड घातली. ती इतकी जाड झाली की नंदिनी खाली बसली तरी फ्रॉक उभाच राहायचा.

यावरही निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी नंदिनी घरी आली ती गप्प. एरवी तिचा तोरा काय वर्णावा! पहिलीची रांग लहानापासून मोठ्याकडं लागायची, आणि ती सगळ्यांत पुढं असायची. पुढच्याच्या हातात वर्गाचा झेंडा, आणि "वर्ग, चल!" हा हुकूमही त्याचाच.

"मॅडमनी कागद बघून रांग लावली," ती म्हणाली. "मी शेवटून दुसरी. मला फक्त शिवमची पाठ दिसते."

"आणि झेंडा?"

"माऊलीकडं. तो केवढा मोठाय! त्याच्यामागं सगळा वर्ग लपला. मी मागून 'चल' म्हणाले तर मॅडम म्हणाल्या, ओरडू नको."

दोन दिवस घरात कुणी हुकूम सोडला नाही. "पप्पा, चप्पल जागेवर!" असं कुणी म्हटलं नाही, त्यामुळे विश्वजीतच्या चपला दारात आडव्यातिडव्या पडून राहिल्या. नंदिनी ताटातली भेंडी तक्रार न करता खाऊ लागली, तेव्हा मात्र सुरेखाला तो कोटवाला आठवला. भित्री आणि मागे. व्हिडिओतलं सगळं खरं होत होतं, आणि करणारी ती स्वतःच होती.

तिसऱ्या दिवशी विश्वजीतनं सुरेखाला स्कूटरवरून शाळेत सोडलं. "तू जा, मी फाटकाशीच थांबतो. मॅडम रागावतील."

वर्गशिक्षिका शमशाद मॅडमसमोर सुरेखानं घसा साफ केला. "मॅडम, ते उंचीचं... माझी टेप जरा सैल पडली असंल."

"किती सैल?"

"बारा सेंटिमीटर."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून पत्रकांचा गठ्ठा काढला. "मम्मी, तुमच्या एकटीचीच टेप सैल नाय. बत्तीस पोरं, आणि एकशे पंधराच्या खाली एकच. माऊली, एकशे चौदा. त्याच्या कारभारी आजोबांनी इमानदारीनं मोजलं, म्हणून वर्गातलं सगळ्यांत लंबं पोरगं पुढं आलं! तुम्ही पण तो कोटवाल्याचा व्हिडिओ पाहिला का?"

सुरेखानं हातातला मोबाइल पर्समध्ये सारला.

"चला, आता कागद नको. डोळ्यांनीच बघू."

मॅडमनी वर्ग मैदानावर आणला आणि जाहीर केलं, "जो सगळ्यांत छोटा, झेंडा त्याचा!"

क्षणात पहिलीचा वर्ग वितळला. एकतीस जोड गुडघे वाकले. मानाही खांद्यांत गेल्या. शिवम तर उकिडवाच बसला, आणि माऊली रडकुंडीला येऊन म्हणत होता, "मी लई लहाने, मॅडम!" त्या गर्दीत एकटी नंदिनी ताठ उभी राहिली, दुमडलेल्या फ्रॉकसकट, हात पुढं करून. सगळ्यांत उंच तीच दिसत होती.

मैदानाच्या कडेनं सुरेखा ओरडली, "नंदू, अगं तू पण वाक ना थोडी!"

"मी कशाला वाकू?" नंदिनी म्हणाली. "मी आहेच छोटी."

शमशाद मॅडमनी टेप काढलीच नाही. झेंडा तिच्या हातात दिला.

"वर्ग, चल!" असा खणखणीत हुकूम सुटला, आणि उभं राहायचं भान कुणालाच न उरल्यानं अख्खी पहिली तशीच, गुडघ्यांत वाकून, बदकांसारखी तिच्या मागोमाग निघाली.