बघायचे पैसे

शिकणाऱ्यालाच पैसे मिळतात, ही गोष्ट केवळाबाईच्या गळी काही उतरेना. तिच्या माहितीत शिकणाऱ्यानं गुरुजीला द्यायचं असतं. शिधा, भाजीपाला, नाहीतर एखादं कोंबडं. इथं तर सेलूच्या बालमंदिराची संस्था तिच्या सुनेला, मनकर्णाला, लहान लेकरांना शिकवण्याचं माँटेसरीचं शिक्षण संपेपर्यंत दर महिन्याला विद्यावेतन देणार होती. म्हणून तर सून कापूस वेचायला यायची थांबली होती.

"पैसे यायलेत तोवर शीक," केवळाबाईनं बजावलं होतं, "थांबले की चल माझ्यासंगं रानात."

पण हे पैसे नेमके कशाचे, हा किडा डोक्यातून जाईना. एका सकाळी ती बालमंदिराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आत एक पोरगं केर काढत होतं. एक पोरगी ताटल्या पुसत होती. शेजारच्या बायनाबाईचा नातू रंगनाथ या भांड्यातली ज्वारी त्या भांड्यात ओतत होता. आणि मनकर्णा सतरंजीच्या कडेला, मांडीवर हात ठेवून बसली होती.

संध्याकाळी केवळाबाईनं विचारलं, "काय गं, तू काय करतीस तिथं?"

"बघते, आत्याबाई. मधी हात घालायचा न्हाई. लेकराला आपलं आपण करू द्यायचं. तेच लय अवघड."

"म्हणजे बघायचे पैसे?"

"व्हय."

केवळाबाईनं हे नवल आडावर सांगितलं. "पोरं राबायलेत, आमची सून बघायली, अन् पैसे सुनेला." पण बायनाबाईचा जन्म रोजंदारीत गेलेला. जो वेचील त्याला मजुरी, एवढा एकच कायदा तिला ठाऊक. दुसऱ्या दिवशी ती सगळ्या आयाबायांना घेऊन बालमंदिराच्या दारात उभी राहिली.

"आमच्या लेकरांची मजुरी कुठं हाय?"

"अहो, ते काम नाही, शिक्षण आहे," मुख्य बाई कमलबाई म्हणाल्या.

"झाडणं काम न्हाई? मग आमी घरी जन्मभर काय करायलोत?"

बायकांनी आपापलं लेकरू काखोटीला मारलं आणि चालत्या झाल्या.

नेमके त्याच दिवशी संस्थेचे आबासाहेब पाहणीला आले. रिकाम्या सतरंज्या बघून म्हणाले, "लेकरंच नाहीत, तर ही बाई शिकते कशावर? विद्यावेतन थांबवावं लागेल."

बायकांना अडवायला धावत आलेल्या केवळाबाईनं हे दाराआडून ऐकलं. आपल्याच जिभेनं घरात आग लावली होती. ती तशीच बायनाबाईच्या घरी पळाली.

बायनाबाई उंबऱ्यात डोक्याला हात लावून बसली होती. रंगनाथनं रांजणातलं पाणी पिठाच्या डब्यात ओतलं होतं आणि आता डब्यातलं परत रांजणात ओतायला लागला होता.

"न्हाई म्हणलं तर म्हणतो, माझं मला करू दे," बायनाबाई म्हणाली. "घेऊन जा बाई ह्याला. तुझी सून हात न लावता बसती तरी कशी?"

वाटेत बाकीच्या बायाही भेटल्या. त्याही लेकराचं मनगट धरून बालमंदिराकडंच निघाल्या होत्या.

आबासाहेब निघायच्या आत, दुपारीच, सतरंज्या पुन्हा भरल्या. केवळाबाई सुनेशेजारी बसली. रंगनाथ तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतू लागला. धार काठावर आली, मग बाहेर. केवळाबाईचा हात आपोआप उठला. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तेवढ्यात आबासाहेबांना राहवलं नाही. ते तांब्या धरायला वाकले.

केवळाबाईनं त्यांचं मनगट पकडलं. "हात आवरा, आबासाहेब. त्याचेच पैसे हायत."

आबासाहेब खाली बसले. पाणी सांडत राहिलं. रंगनाथनं फडकं आणलं, पुसलं, पुन्हा तांब्या उचलला.

"अवघड आहे हो," आबासाहेब हळूच म्हणाले.

"मग? अन् तुमी तर फुकट बघायलात."

विद्यावेतन थांबलं नाही. महिनाअखेर मनकर्णानं ते आणून सासूच्या हातावर ठेवलं. केवळाबाईनं ते परत तिच्या ओच्यात टाकलं.

"ठेव तुझ्यापाशी. पण ध्यानात असू दे, ह्यातली बघायची एक दुपार माझी हाय."