टिटव्याचा शाबूत हक्क

एका जंगलात, मुलांनो, कायमचे युद्ध चालू होते. नदीपलीकडचे लांडगे आज येणार, उद्या येणार, असे वाघमहाराज रोज सांगत. म्हणून त्यांनी आणीबाणी लावली. युद्ध संपेपर्यंत कोणी ओरडायचे नाही.

एका पहाटे टिटव्याला खरेच लांडगे दिसले. तो ओरडला. जंगल जागे झाले, लांडगे मागे फिरले आणि टिटवा पिंजऱ्यात गेला.

टिटवीची चार अंडी नदीकाठी उघड्या वाळूत होती. उन्हात एकाने बसायचे, दुसऱ्याने पोट भिजवून आणायचे, तेव्हा कुठे ती गार राहतात. आता दुसरा कोण? ती तडक न्यायालयात गेली.

न्यायमूर्ती होते कासव. मोठे विद्वान. मुंग्यांना रांगेत चालण्याचा हक्क आहे, हा त्यांचा निकाल मुंग्या अजून पाठ म्हणतात.

"महाराज, माझ्या नवऱ्याला समोर आणा. त्याचा गुन्हा काय, एवढंच विचारा."

सरकारी वकील मुंगूस उठला. "लांडगे येतात म्हणून टिटवे ओरडत नाहीत. टिटवे ओरडतात म्हणून लांडगे येतात. पुरावा गुप्त आहे."

कासवाने मान आत घेतली. संकटकाळी मान आत घ्यायची, ही त्या न्यायालयाची जुनी प्रथा होती. निकाल कवचातूनच आला. "बाई, तुमच्या नवऱ्याचा हक्क अगदी शाबूत आहे."

"मग तो घरी का नाही?"

"हक्क शाबूत आहे म्हणालो. नवरा सुटेल असं म्हणालो नाही. युद्ध संपलं की या."

"अंडी तोवर थांबतील का, महाराज?"

"तसा अर्ज अंड्यांनी करावा," मुंगूस म्हणाला.

तेवढ्यात टिटवीला नदीकडे धूळ उडताना दिसली. "महाराज, लांडगे. ओरडू का?"

"युद्ध संपेपर्यंत नाही," कवच म्हणाले.

टिटवीने चोच मिटली आणि ती अंड्यांकडे उडाली.

संध्याकाळी गादीवर लांडगा बसला. वकील मुंगूसच राहिला. आणीबाणीही तीच ठेवली. चांगली चालत होती.

चारांपैकी दोनच पिल्ले बाहेर आली. त्यांना बाप दाखवायला टिटवी पिंजऱ्यापाशी गेली. आत टिटव्याशेजारी कासव बसले होते. मान पुरती बाहेर.

"बाई, मला न्यायालयासमोर हजर करा, असा एक अर्ज कराल का?"

"कशाला, महाराज?" टिटवी म्हणाली. "तुमचा हक्क अगदी शाबूत आहे."

तात्पर्य: छत्री पावसात कधी उघडू नये, ओली होते.