अण्णामामांचे क्री आणि हवाईयन

अण्णामामांना ‘कसे आहात?’ असं विचारलं की ते क्री लोकांची खबर सांगतात.

म्हणजे आपण कुणाच्या तरी घरी पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ न्यायच्या जेवणाला, पोचलेलो असतो, हातात मसालेभाताचा गरम ट्रे, नजर चपला काढायला जागा शोधत असते, आणि सवयीने तोंडातून निघून जातं, “काय मामा, कसं काय?” संपलं. मामा दारातच उभे राहून सांगू लागतात, “क्रींकडे यंदा थंडी लवकर आली. पाइप गोठलेत. एकेका घरात तीन-तीन कुटुंबं आहेत. हवाईयनांकडे थंडीचा प्रश्न नाही. तिकडे घराचाच प्रश्न आहे.” ट्रे हाताला चटके देत असतो. मामांना घाई नसते.

ज्यांच्या हातात आत्ता ट्रे नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. क्री हे मुख्यतः कॅनडाकडचे मूळ रहिवासी. त्यातले थोडे सीमेच्या अलीकडे, मोंटानात, बरीच वर्षं जमिनीवाचून भटकले आणि शेवटी एका राखीव वस्तीत स्थिरावले. हवाईयन म्हणजे हवाई बेटांवरचे मूळचे लोक. त्यांचं एकेकाळी स्वतःचं राज्य होतं. या दोघांच्या मध्ये निम्मा समुद्र आहे. आणि आम्ही राहतो मिशिगनमध्ये, ट्रॉयला, जिथे निदान आमच्या ओळखीत तरी या दोघांपैकी कुणीही नाही. ओळखीत सगळे आयटीवाले, गाड्यांच्या कंपन्यांतले आणि रिअल इस्टेटवाले.

अण्णामामा माझ्या बायकोचे, मेधाचे, सख्खे मामा. तरुणपणी पुण्याहून इकडे आले आणि आयुष्यभर एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासत बसले. टेबलावर दोन ब्रेक पॅड शेजारीशेजारी ठेवायचे, दोन्ही सारखेच घासायचे, तापवायचे, आणि कुठला आधी हार मानतो ते बघायचं. “एकटं काही कळत नसतं,” मामा म्हणतात. “शेजारी ठेवून बघायचं.” रिटायर झाल्यावर टेबल गेलं, सवय राहिली. घरी एकट्यासाठी दोन भांड्यांत दोन कंपन्यांची तूरडाळ शिजवतात आणि दोन्ही जेवतात. निकाल मात्र बहुतेक वेळा एकच असतो: “दोन्ही नापास. पण वेगळ्या कारणांनी.”

हा निकाल त्यांनी आमच्या दोन्ही नगराध्यक्ष-उमेदवारांना दिला, ट्रॉयमधल्या दोन्ही इंडियन ग्रोसरींना दिला, आणि एकदा मी आणि माझा साडू सोफ्यावर शेजारी बसलो होतो तेव्हा आमच्याकडे बराच वेळ बघून काहीच बोलले नाहीत. तो निकाल मी आजवर विचारलेला नाही.

त्यांच्यापुढे रडगाणं गायची सोय नाही. आमच्या किचनचं काम रखडलं होतं तेव्हा मी कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने बोटं मोडत होतो. ग्रॅनाइट आलं नाही, सिंक बाथरूममध्ये, भांडी टबात. मामा शांतपणे म्हणाले, “हवाईयनांना सरकार घरासाठी जमीन देतं. अंगात अमुक इतकं हवाईयन रक्त आहे हे सिद्ध करायचं आणि रांगेत नाव लावायचं. माणसं रांगेत म्हातारी होतात. रांगेत मरतात. मग मुलं परत कागद काढतात. तुझं ग्रॅनाइट येईल रे.” कॉन्ट्रॅक्टरला फोन करायलाही लाज वाटायला लागली, आणि त्यामुळे ग्रॅनाइट आणखी उशिरा आलं.

मी स्वतः ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पिकवलेला माणूस. रांग म्हटलं की मला आपलेपणा वाटतो. एकदा म्हटलंही, “मामा, आमचंही तसंच की.” मामा म्हणाले, “तू दुसऱ्याच्या दारात रांगेत उभा आहेस. ते स्वतःच्याच दारात उभे आहेत. शेजारी ठेवून बघ.” ठेवून बघितलं. त्यानंतर तो विषय काढला नाही.

मामांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक मोंटानाचं, एक हवाईचं. ट्रॉयचं घड्याळ घरात नाही. किती वाजले हे त्यांना विचारलं तर ते आधी मोंटानाकडे बघतात, दोन तास मिळवतात, मग दुसरीकडे बघून पडताळा घेतात. हवाईत घड्याळ मागेपुढे करायची पद्धत नाही, मोंटानात आहे. त्यामुळे दर नोव्हेंबरात आणि मार्चात स्टुलावर चढून मोंटानाचं घड्याळ फिरवणं हे माझ्याकडे आलेलं खानदानी काम. खाली उभे राहून मामा स्टूल धरतात आणि मी पडलो तर कुठल्या बाजूला पडेन याचा अंदाज सांगतात.

आता खरं कारण. मामांचा मुलगा निनाद मोंटानात डॉक्टर आहे, क्रींच्या वस्तीलगतच्या दवाखान्यात. मुलगी अदिती हवाईत असते; तिचा नवरा काई हा तिथलाच, मूळचा हवाईयन. निनाद-अदिती दोघं ट्रॉयमध्येच जन्मली, वाढली, आणि अमेरिका मोठी आहे याचा पुरेपूर फायदा घेतला. कुंदामामी गेल्या तेव्हा निनाद इथे होता. यायला निघालेल्या अदितीचं वाटेतलं विमान हुकलं. ती फोनवर म्हणत होती, अंत्यविधीला एक दिवस थांबा. निनाद थांबला नाही. त्याच्या डॉक्टरी डोक्याला थांबण्यात अर्थ दिसला नसेल. ती पोचली तेव्हा सगळं आटपलेलं होतं. तेव्हापासून बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

मला हे माहीत होतं. पण क्री आणि हवाईयन यांचा त्याच्याशी असलेला संबंध मला ग्रोसरीला जाताना कळला. मी गाडी चालवत होतो, मामांचा फोन स्पीकरवर होता.

“निनाद, कसा आहेस?”

“फाइन, बाबा.”

“जेवलास?”

“येस.”

एवढ्यात विषय संपला. माझ्याच्याने राहवेना, मी उगाच वायपर चालू केले. मग मामा म्हणाले, “तुमच्याकडे त्या नव्या घरांचं काय झालं रे?” आणि निनाद बोलायला लागला. घरं अजून तशीच अर्धवट आहेत. तरुण पोरं कामाला शहरात जातात, काम सुटलं की परत येतात, नातवंडं आज्या सांभाळतात. अस्सल क्री बोलणारी एक म्हातारी त्याची पेशंट आहे, तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला घरात कुणी उरलेलं नाही. पोरगा सलग बोलत होता. आवाज मऊ झाला होता.

तो फोन संपला आणि मामांनी लगेच दुसरा लावला. “अदिती, अगं क्रींकडे भाषा म्हाताऱ्यांपाशीच उरली आहे. निनाद सांगत होता, एका आजीशी बोलायला कुणी नाही म्हणून. तुमच्याकडे कसं?” आणि ती सांगायला लागली, इथे उलटं आहे बाबा, काईच्या भाच्या हवाईयन शाळेत जातात, फाडफाड बोलतात, पण आजीला येत नाही, तिला लहानपणी बोलूच दिलं नव्हतं. “मग ही खबर मी निनादला देतो,” मामा म्हणाले. पलीकडून “ओके” आलं. जरा थांबून आलं, पण आलं.

म्हणजे असं टपाल चालू होतं. भावाचं नाव बहिणीच्या कानावर घालायचं तर मध्ये एवढ्या मोठ्या दोन जमाती उभ्या कराव्या लागत होत्या.

या दिवाळीला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मामांनी व्याख्यान मागून घेतलं. विषय अर्थातच क्री आणि हवाईयन यांची तुलना. मेधा म्हणाली, “मामा, ऐकायला कोण थांबणार?” मामा म्हणाले, “दोघं थांबले तरी पुष्कळ.” ते दोघं कोण हे आम्हाला कळलं. निनाद आणि अदिती दोघंही व्हिडिओवर येणार होते, तिथली माहिती द्यायला. एकमेकांसमोर. दोघांनी कबूल केलं होतं. मामांनी त्यासाठी नवा कोट घेतला. एकच घेतला, दोन नाही, यावरून मी काय ते समजलो.

शनिवार, संध्याकाळी चार. मोंटानात दोन, हवाईत सकाळचे दहा. मामांनी दोन्ही घड्याळांवरून हिशेब जुळवला होता. एक घड्याळ मात्र हिशेबात नव्हतं, ते म्हणजे आमच्या मंडळाचं. मी मंडळाच्या तांत्रिक समितीवर आहे. समितीत मी एकटाच आहे. चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये स्टेजमागे मी लॅपटॉप उघडला. दोघंही इथेच जन्मलेली, त्यामुळे चार म्हणजे चार. दोघं आली. निनाद दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, अदिती स्वयंपाकघरात.

“हाय,” निनाद म्हणाला.

“भाऊजी, बाबा कुठेत?” अदितीने मला विचारलं.

“येताहेत. आता पुढचा नंबर,” मी म्हटलं.

पुढचा नंबर मुलांच्या फॅन्सी ड्रेसचा होता. त्यात तीन शिवाजी आणि एक डायनोसॉर. मग खजिनदारांचं मनोगत. मग स्पॉन्सर रिअल इस्टेटवाले आले आणि जमीन घ्यायला याहून चांगला काळ नाही असं स्लाइड्स दाखवून पटवून गेले. मी मधूनमधून लॅपटॉपकडे जात होतो. दोघांनी माइक बंद केला होता. निनाद स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. अदिती कोथिंबीर निवडत होती, ती निवडून झाली, मग तीच परत निवडायला लागली. तासभर उलटून गेला. दोघांपैकी कुणी गेलं नाही, आणि कुणी बोललंही नाही.

मामा स्टेजवर आले तेव्हा अध्यक्षीणबाई हळूच म्हणाल्या, “मामा, दहाच मिनिटं हं, जेवण उघडलंय.” ते वाक्य माइकवर गेलं. हॉल उठला. मी, मेधा आणि पाय दुखतात म्हणून बसून राहिलेले चारदोन आजी-आजोबा उरलो.

पडद्यावर डावीकडे निनाद, उजवीकडे अदिती. मामांनी एकदा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग प्रश्न विचारायला लागले. निनादने घरांचं सांगितलं. अदितीने सांगितलं की सासरे जमिनीच्या रांगेतच गेले, सासूबाई अजून रांगेत आहेत, आणि दिराला भाडं परवडेना म्हणून तो लास व्हेगासला निघून गेला. मामा म्हणाले, “म्हणजे क्रींकडे जमीन आहे, घरं नाहीत. हवाईयनांकडे घरं उभी आहेत, पण ती दुसऱ्यांची. आणि दोन्हीकडे मुलं लांब जातात.”

अदितीच्या मागे येऊन उभा राहिलेला तिचा नवरा काई पुढे वाकला आणि इंग्रजीत, पण आदराने म्हणाला, “बाबा, तुम्ही दर वेळी आम्हाला त्यांच्या शेजारी ठेवता. माझ्या आईला एकदा नुसतं विचारा ना, तुम्ही कशा आहात.”

मामांचा चेहरा उतरला. “विचारतो,” ते म्हणाले. “हे माझं चुकलं.” मग कोटाचं बटण चाचपत म्हणाले, “आता माझे प्रश्न संपले. तुम्हा दोघांना एकमेकांना काही विचारायचं असेल तर विचारा. माझी मिनिटं आहेत अजून.”

मागे जेवणाच्या रांगेत पळ्यांचा आवाज चालू होता. कुणीतरी श्रीखंड संपल्याची तक्रार करत होतं. पडद्यावर दोघंही खाली बघत होते. अदितीने तोंड उघडलं, असं मला वाटलं. तेवढ्यात निनाद म्हणाला, “बाबा, आय शुड गो. पेशंट्स वाट बघताहेत.”

आणि त्याचा चौकोन गेला. त्याबरोबर अदितीचा चेहरा भिंतभर झाला.

“तिला परत होती तशी कर,” मामा मला म्हणाले. “शेजारी होती तशी.”

“होत नाही मामा. एकच माणूस उरलं की ते आपोआप मोठं होतं.”

“बाबा, छान झालं,” अदिती म्हणाली. “जेवून घ्या.” तिचा आवाज बरा नव्हता. तीही गेली. मग लॅपटॉपचा कॅमेरा ज्यांच्याकडे होता ते मामाच भिंतभर दिसायला लागले. नवा कोट, वर बघणारे डोळे. त्यांनी स्वतःकडे बराच वेळ बघितलं. तांत्रिक समितीला बंद करायचं बटण सापडत नव्हतं.

त्यानंतर मामांना कुणी ‘कसे आहात?’ विचारलं की ते म्हणतात, “मजेत.” लोकांना बरं वाटतं. आता लोक त्यांच्यापाशी थांबतात, दोन शब्द बोलतात. मेधाला मात्र ते ‘मजेत’ ऐकवत नाही, ती उठून आत जाते.

नोव्हेंबरात मी घड्याळ फिरवायला गेलो. स्टूल ओढलं तर मामा म्हणाले, “राहू दे.”

“तासभर पुढे राहील मामा.”

“राहू दे रे. आता बघायचंय कशाला?”

गॅसवर एकच भांडं होतं. मी स्टुलावरच बसलो. आदल्या दिवशी मी निनादला फोन केला होता. तो ‘फाइन’ म्हणाला होता, मग मी घरांचं विचारलं होतं.

“क्रींकडे यंदा बर्फ लवकर पडलाय म्हणे,” मी म्हटलं.

मामांनी मान वर केली. “कोण म्हणालं?”

“निनाद.”

“आणि हवाईयनांकडे?”

“ते अजून विचारलं नाही.”

“मग विचार,” मामा म्हणाले. “शेजारी ठेवल्याशिवाय...” पुढचं त्यांनी पुरं केलं नाही. भिंतीवरच्या मोंटानाच्या घड्याळाकडे बघितलं, आणि मग सवयीने येऊन त्यांनी मी बसलो होतो ते स्टूल धरलं.