सिद्ध की सुंदर?

साबणाच्या कारखान्यात वड्या तपासणाऱ्या जावईबापूंनी एका सकाळी ठरवलं, सासऱ्यांचं बाथरूममधलं गाणं बंद करायचं. सासरे नळ सोडायचे आणि त्याबरोबर गळाही. वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य म्हणायचा, पेशंट ड्रिलला घाबरत नाहीत, खालून येणाऱ्या आलापाला घाबरतात.

मानसशास्त्र शिकवणाऱ्या धाकट्या मेहुणीने युक्ती सांगितली. "भावोजी, बाबा न गाता आंघोळ करून आले, की घडी न मोडलेला पेपर आधी त्यांच्या हातात द्या. गायले, तर नाही."

काय सांगावं! सासरे मुकाट आंघोळ करू लागले. दंतवैद्याने जिन्यात हात जोडले. बायको नवऱ्याकडे चक्क कौतुकाने बघू लागली (लग्नानंतर बहुधा प्रथमच).

इथे थांबायचं ना! पण मेहुणी फोनवर बोलून गेली, "हे पेपरमुळेच झालं कशावरून? पेपर बंद करून बघायचा. गाणं परत आलं, तर सिद्ध. मग पेपर पुन्हा सुरू, गाणं पुन्हा बंद."

जावईबापूंमधला तपासनीस जागा झाला.

"अहो, बरं झालेलं दुखणं परत कशाला आणताय?" बायको म्हणाली.

"पुरावा नको?"

दुसऱ्या दिवशी सासरे आंघोळ करून आले, तर पेपर उघडून जावईबापूच बसलेले. सासऱ्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. त्यांचा पडलेला चेहरा बघून जावईबापू पेपर पुढे करणारच होते. पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

पुढच्या सकाळी आलाप परतला, आधीपेक्षा दुप्पट जोरात. जावईबापू दारापाशी नाचतच ओरडले, "सिद्ध झालं! सिद्ध झालं!"

नळ थांबला. आतून आवाज आला, "सुंदर झालं म्हणताय? जावईबापू, या घरात पहिल्यांदा कुणी दाद दिली हो!"

आता पेपर पुढे केला तरी सासरे बाजूला सारतात. "तो तुम्ही वाचा. फक्त दाराशी उभे राहा." एकदा जावईबापू मुद्दाम गप्प राहिले. दार किलकिलं झालं, साबणाने माखलेलं डोकं बाहेर आलं. "ऐकू आलं नाही वाटतं? पहिल्यापासून घेतो."

तेव्हापासून जावईबापू रोज कारखान्याची वेळ टळेपर्यंत दाराबाहेर "वा! क्या बात!" करत उभे असतात.

परवा स्वयंपाकघरातून बायको बहिणीशी फोनवर बोलताना ऐकू आली. "अगं, बाबांचं राहू दे, त्यांची सवय झाली. यांचं ओरडणं थांबवायला काय द्यावं लागेल, ते सांग."