मोहीम रॅमपट्टीची, पाचच्या शिकवणीआधी फत्ते जाहली ती

श्रीविद्युत् प्रसन्न. जैसे घडले तैसे लिहिले. पदरचे मीठ घातले असेल ते चवीपुरतेच, हे वाचणारांनी मनात आणून पुढे जावे.

मागील खोलीत खिडकीपाशी एक संगणक तख्तनशीन होता. अंगावर क्रोशाची झूल, उमर बरीच, आणि स्मरण ऐसे तोकडे की दुसरे काम सांगावे तो पहिल्याचा विसर पडावा. याच संगणकावरून घरच्या बाईसाहेब रोज पाच वाजता दूरदूरच्या शिष्यांस गाणे शिकवीत. पुढे ऐसा प्रसंग गुदरू लागला की ऐन तानेत बाईसाहेबांची तसबीर पडद्यावर थिजावी, तोंड वासलेले, डोळे मिटलेले, हात हवेत, आणि पलीकडे शिष्यांनी समजावे की बाई समेची वाट पाहत आहेत. पाहून पाहून किती पाहतील? एकेक सरदार फुटून दुसऱ्या बाईंच्या गोटात गेला. राहता राहिले तिघे, आणि त्यांनीही खलिता धाडिला की आज बाई पुन्हा थिजल्या तर आमची रजा समजावी. तो वाचून बाईसाहेबांनी चष्मा पुसला, आणि रियाज अर्धा टाकून तंबोऱ्यास गवसणी घातली. रियाज अर्धा राहिला, याहून भयंकर वर्तमान त्या घरी पूर्वी कधी आले नव्हते.

तेव्हा घरचे धनी, पेन्शनीत दाखल, अखंडउत्साही तात्यासाहेब यांनी बाजारातून रॅमची नवी पट्टी आणविली आणि कमरेस स्क्रूड्रायव्हर खोवून जाहीर केले की मेकॅनिकची कुमक नको, हा गड आम्हीच घेतो. आता तात्यासाहेबांच्या हातात बळ फार, अंदाज बेताचा. नळाची चावी, कपाटाची कडी, मिक्सरचे झाकण ऐसे मातबर मोहरे त्या हाती कामास आले होते. त्यावरून बाईसाहेबांचे कायमचे फर्मान होते की तात्यासाहेबांनी घरातील कोणत्याही जिनसेस जोर लावू नये.

मसलतीस बाईसाहेबांचे धाकटे बंधू फोनवर हजर जाहले.

"दाजी, आधी वायर काढलीत ना?"

"काढली."

"कुठली?"

मग पाहिले तो पंखा बंद आणि संगणकाचा दिवा लुकलुकतो आहे. ही पहिली चकमक पदरी घेऊन, योग्य ती वायर काढून, तात्यासाहेबांनी खोक्याची बाजू उघडिली, आणि आतून धुळीचे ऐसे लोट उठले की शिंकांची एकच सरबत्ती जाहली. मग जुन्या पट्टीच्या शेजारची रिकामी जागा हेरून, नवी पट्टी, तान्हे मूल पाळण्यात निजवावे तैसी, अलगद ठेविली. फर्मानाची आठवण पक्की होती. मग वायर जोडोन बटण दाबिले, तो पडदा काळाठिक्कर, आणि पोटातून तीन किंकाळ्या निघाल्या.

"हे कोण बेसूर?" बाईसाहेबांनी स्वयंपाकघरातून विचारले.

"संगणक."

"काय म्हणतोय?"

"पट्टी नीट बसली नाही म्हणतोय," फोनमधून बंधू वदले. "दाजी, जोर लावा."

"मला मनाई आहे."

"अहो, जोर लावल्याशिवाय बसत नाही ती!"

"मग तुझ्या ताईला विचार. मी या घरात राहतो, तू नाहीस."

घड्याळाचा काटा पाचाकडे सरकत होता. बाईसाहेब ओल्या हातांनी दारात आल्या, संगणकाकडे पाहिले, मग तात्यासाहेबांच्या अंगठ्याकडे पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच ऐसा हुकूम दिला, "लावा जोर. काय व्हायचं ते होऊ दे."

मग वायर पुन्हा काढोन, मनात कुलदैवत स्मरोन, तात्यासाहेबांनी वर्षानुवर्षे साठलेले बळ त्या पट्टीवर उतरविले.

खट्.

त्या घरात 'खट्' या आवाजाचा अर्थ एकच होता. तात्यासाहेबांनी डोळे मिटिले. बाईसाहेबांनी भिंतीस हात टेकिला. फोनवरील बंधू मात्र ओरडले, "हाच! हाच आवाज यायला हवा होता! खिट्टी लागली!"

बटण दाबिले. एकच शीळ निघाली, बाईसाहेब म्हणाल्या, "हा सुरात आहे," आणि पडदा उजळला.

पाच वाजता शिकवणी बसली. बाईसाहेबांनी मुद्दाम लांबलचक तान घेतली; खोलीच्या दाराआड तात्यासाहेब श्वास रोखून उभे. तान चढली, वळली, उतरली, समेवर आली, आणि पलीकडून एक शिष्या चीत्कारली, "अय्या बाई! आज तुमचं तोंड मिटलेलं दिसलं!"

येणेप्रमाणे मुलूख राखिला, तिघे शिष्य कायम जाहले, आणि मोहीम फत्ते जाहली. बक्षिसी म्हणून बाईसाहेबांनी जुने फर्मान दुरुस्त करविले, ते ऐसे: तात्यासाहेबांस जोर लावण्याची परवानगी आहे, एका अंगठ्यापुरती, बाईसाहेब समोर असताना. नळास हात लावू नये.