पाइपांच्या रंगातली माणसं

नामदेवकाकांनी आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं चित्र काढलं, तेव्हा त्यांचा चेहरा आकाशी रंगवला आणि बुबुळांच्या जागी बाण काढले. चेअरमन खूश झाले. आकाशी म्हणजे श्रीकृष्ण, असं त्यांना वाटलं. कारखान्यात आकाशी पाइपातून नुसती हवा जाते, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.

काका मोहोपाड्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एका केमिकल कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पाइप रंगवले. हिरव्यातून पाणी, जांभळ्यातून ॲसिड, पिवळ्यातून गॅस, आणि ते कुठे चाललंय हे सांगणारा बाण. रिटायर झाल्यावर त्यांनी तोच नियम माणसांना लावला. "आत काय वाहतंय ते बाहेरून कळलं पायजे गं, नायतर अपघात होतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पत्र्यांवर ऑइलपेंटने काढलेली ही चित्रं बाहेरच्या खोलीत चारही भिंतींवर आहेत. दार उघडलं की हिरवी-जांभळी माणसं तुमच्याकडे बघतात. डोळ्यांत बाण असल्यामुळे नक्की कुठे बघतात, तेही कळत नाही. कुरियरवाला पार्सल उंबऱ्यावर ठेवून पळतो. माझी आई तर तिथे पाऊलच टाकत नाही. तिला जांभळं केलंय.

मी मात्र जाते. माझ्या चित्रात गळ्यावर एक व्हॉल्व्ह आहे, घट्ट बंद. आधी राग आला, आठवडाभर मी जिन्यात काकांना टाळलं. मग पुन्हा जाऊन त्या चित्रासमोर बसायला लागले. तिथे मला कुणी 'काहीतरी बोल ना' म्हणत नाही.

एकच पत्रा अर्धवट होता. लालसर प्रायमरवर खडूने काढलेल्या शांताकाकू, काकांची बायको. दोन वर्षं तशाच.

गेल्या महिन्यात मुलाने शेलूला फ्लॅट घेतला आणि दोघांना तिकडे न्यायचं ठरवलं. सुनेने सांगून टाकलं की ही भुतं नव्या भिंतींवर नकोत, फार तर एक आणा. काकांना काकूंचंच चित्र न्यायचं होतं, पण पूर्ण करून. रोज सकाळी ते ब्रश घेऊन डब्यांपुढे बसत आणि तसेच उठत. शेवटी मला हळूच म्हणाले, "तू इचार गं तिला. तिच्या आत काय हाय, मला खरंच माहीत नाय."

जिच्या गळ्याला स्वतः व्हॉल्व्ह बसवला, तिच्यावरच हे काम. काकू स्वयंपाकघरात भिजवलेले वाल सोलत होत्या. मी अडखळत विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"सगळ्या सोसायटीचं आतलं वळखलं ह्यांनी. माझं इचारायला तुला धाडलंय?"

मी तसाच निरोप दिला. काका ब्रशसकट दारात येऊन उभे राहिले. मग गुडघे धरत काकूंसमोर खाली बसले.

"सांग ना मला," ते म्हणाले.

दोन-चार वाल सोलून झाल्यावर काकू म्हणाल्या, "मला नाय जायचं शेलूला."

"आधी का नाय बोललीस?"

"तुमी रंगवत होता."

मी बाहेर येऊन चित्रांमध्ये बसले. आत काकू बोलत राहिल्या. तासाभराने घरी निघताना मी डोकावले, तेव्हाही त्या बोलतच होत्या. काकांनी ब्रश बाजूला ठेवला होता आणि तेही वाल सोलत होते. एकेक, फार सावकाश, लवकर संपू नयेत म्हणून.