सासऱ्यांची वीजबचत

सासरेबुवा निवृत्त झाले ते फक्त ऑफिसातून. घरात त्यांची ड्यूटी चालूच होती. खोलीखोलीत फिरून बटणं बंद करायची, एवढंच काम. पण निष्ठा अशी, की सासूबाई बाथरूममध्ये असतानाही दिवा जायचा. त्यातच त्यांच्या वाचनात आलं, की उगाच चालू ठेवलेल्या कॉम्प्युटरपायीही कुठेतरी कोळसा जळतो. झालं, आयतंच निमित्त मिळालं.

त्या दुपारी सूनबाईच्या खोलीत कुणी नव्हतं आणि कॉम्प्युटर आपला घरघरत होता. सासऱ्यांनी भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

सूनबाई चहा घेऊन आली ती बंद कॉम्प्युटर बघून ओरडलीच. "बाबा, सकाळपासून त्यावर फिल्म तयार होत होती हो, आता सगळं पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत पोचली नाही तर काम हातचं जाईल. पहिलंच काम आहे माझं."

"कसली फिल्म?"

"वीज वाचवा."

सासऱ्यांचा चेहरा पडला. जगाचं भलं करायला गेलो आणि पोरीच्याच पोटावर पाय दिला, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. तिने सगळं पुन्हा सुरू केलं, तसे ते खुर्ची ओढून समोरच बसले.

"आता इथे कुणी फिरकणार नाही. मी आहे ना. तू जेवून घे."

तिला भीती नेमकी त्याचीच होती, पण भूकही सपाटून लागली होती.

थोड्या वेळाने स्क्रीन काळा झाला. सासऱ्यांना वाटलं, कॉम्प्युटर बंद पडला. खरं तर स्क्रीन वीज वाचवायला आपणहून झोपला होता, आत काम चालूच होतं. पण हे त्यांना सांगणार कोण? त्यांनी खालच्या डब्याचं बटण दाबलं. काही होईना, म्हणून दाबूनच धरलं. घरघर थांबली.

"सूनबाई, बंद पडला होता गं. चालू करतोय, पण जरा हट्टी दिसतोय."

सूनबाई खरकट्या हाताने धावत आली. तिने हात धुऊन फिल्म मागवणाऱ्या ऑफिसला स्पीकरवर फोन लावला.

"सर, आज फिल्म होत नाही. घरी जरा वीज गेली."

"मी घालवली," सासरे मागून पुटपुटले.

"अहो, बरंच झालं," फोनवरचे गृहस्थ म्हणाले. "आज पाठवून बघणार कोण? आमच्या साहेबांनी वीजबचत फारच मनावर घेतलीय. जेवणाच्या सुट्टीत स्वतः फिरून सगळ्यांचे कॉम्प्युटर बंद करून आले. आमचंही सकाळपासूनचं काम गेलं, डोक्याला हात लावून बसलोय. उद्या पाठवा निवांत."

सूनबाईच्या जिवात जीव आला. सासऱ्यांची मान हळूहळू वर झाली.

"बघ. कळत्या माणसांना पटतं."

सासूबाई दाराबाहेर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला बाई त्या साहेबांच्या सुनेची काळजी वाटते."